गोळी न लागलेले जखमी



कामगार संघटनेच्या माणसाने या व्यासपीठावर यावे आणि बोलावे मात्र सैनिकांविषयी, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. बोनस, टाळेबंदी, कंत्राटी कामगार यांवर आम्ही बोललो असतो तर ते रीतीला धरून झाले असते. परंतु हा विषय आम्ही शोधायला गेलो नाही. तो आमच्याकडे चालत आला. आमच्या संघटनेत सुरक्षारक्षक पुष्कळ आहेत. कारखान्याच्या फाटकावर, बँकेच्या दारात, सोसायटीच्या केबिनमध्ये बारा बारा तास उभा असणारा हा माणूस अनेकदा माजी सैनिक असतो. पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी यांविषयी तो आमच्याशी बोलतो; आणि ओळख मुरली की पिशवीतून दुसरेच एक पुडके बाहेर काढतो. त्यात पलटणीतून सुटतानाचे वैद्यकीय मंडळाचे कागद असतात. त्यांपैकी एका कागदावर एक लहानसे वाक्य असते. अपंगत्वाचा लष्करी सेवेशी संबंध नाही, सेवेमुळे ते वाढलेलेही नाही, असा त्या वाक्याचा अर्थ. तो माणूस विचारतो, "साहेब, भरतीच्या वेळी मी दौडीत पहिला होतो. मग हा गुडघा गेला कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधणे, हाच आजच्या व्याख्यानाचा उद्देश आहे.

जखमी सैनिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण उभे राहते. आमच्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. त्यांच्यापुढे आपण मान लववतो, आणि ते योग्यच आहे. परंतु फौज वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस लढत नसते. ती वर्षभर काम करीत असते. डोंगरातल्या अरुंद रस्त्याने ट्रक नेणे, दारूगोळ्याच्या पेट्या उतरविणे, पूल बांधणे, खांबावर चढून तारा जोडणे, लंगरमध्ये पाचशे माणसांचे जेवण शिजविणे, पाठीवर ओझे घेऊन धावणे, बर्फात पहारा देणे, हे सारे काम आहे. कामात अपघात होतात. ट्रक दरीत जातो. सरावाच्या भिंतीवरून उडी मारताना कणा मोडतो. तोफखान्यात वर्षानुवर्षे उभे राहून कान जातात. उंचीवरच्या थंडीत बोटे झडतात. वर्षानुवर्षे घरापासून दूर राहून, झोप मोडून, काहींचे मन खचते. यांतल्या एकालाही शत्रूची गोळी लागलेली नसते. तरीही हे सारे जखमीच आहेत.

आपल्या पुण्यातल्या संस्थांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येईल. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना येथे सुरू झाले. खडकीचे पक्षाघात पुनर्वसन केंद्र १९७४ चे. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपण भेटावे, आणि तो कोणत्या लढाईत जखमी झाला हे विचारू नये. तो फौजेत होता आणि त्याचे पाय तिथे राहिले, एवढे पुरे आहे. आमच्या मते नुकसानभरपाईच्या प्रश्नाचे सारही एवढ्यातच आहे. परंतु कायदा एवढ्यावर थांबत नाही, म्हणून आपणांसही थांबता येणार नाही.

प्रथम आमच्या घरची गोष्ट सांगतो, म्हणजे कारखान्याची. गिरणीत माणसाचा हात पट्ट्यात सापडला तर मालक पूर्वी काय म्हणत असे? तुझीच चूक, तू सावध राहावयास हवे होतेस. चूक मालकाची, हे सिद्ध करण्याचे ओझे हात गमावलेल्या माणसावर असे. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्या काळी ना. म. जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. या कायद्याने चुकीचा प्रश्नच बाजूला सारला. इजा कामातून उद्भवली काय, आणि काम चालू असताना झाली काय, एवढेच विचारावयाचे ठरले. अंगठा गेला तर शेकडा ३०, एक डोळा गेला तर शेकडा ४०, दोन्ही हात गेले तर शेकडा १००, असे कोष्टकच जोडले गेले. त्या कोष्टकात शौर्याचा रकाना नाही. कामगार यंत्राशी झुंजला की नुसता घसरून पडला, हे कोणी विचारत नाही.

पुढे न्यायालयांनी त्या शब्दांचा अर्थ हळूहळू रुंद केला. मुंबईच्या बेस्टचा एक बसचालक १९५७ साली काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी जात होता. वाटेत अपघात होऊन तो मेला. त्याचे काम तर संपले होते. मग ही भरपाई कशी? सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सांगितले की, चालकाने त्या बसने फुकट जावे ही सोय सेवेच्या कार्यक्षमतेसाठीच होती. तेव्हा तो प्रवास नोकरीचाच भाग. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला जाताना, कारखाना पाच किलोमीटर उरला असता अपघातात गेला. त्याच्या विधवेच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो २०२५ च्या जुलैत. बावीस वर्षे लागली. पण घरून कामावर जाण्याचा रस्ता हा कामाचाच भाग ठरू शकतो, हे तत्त्व पक्के झाले. २०२५ च्या नोव्हेंबरपासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. आणि येण्याजाण्याच्या वाटेवरील अपघाताचा उल्लेख त्या संहितेत स्पष्ट शब्दांत आहे.

आता लक्षात घ्या. १९२३ च्या त्या कायद्यात कामगार कोण, याची जी व्याख्या होती, तिने एका माणसाला नाव घेऊन बाहेर ठेवले होते. तो म्हणजे संघराज्याच्या सशस्त्र दलाचा माणूस. त्याला निराळे नियम. ठीक आहे, त्याचे कामही निराळे. परंतु आणखी एक गोष्ट त्याला नाही. घटनेच्या ३३ व्या कलमाने आणि १९५० च्या लष्कर कायद्याने त्याचा संघटना करण्याचा हक्क मर्यादित केला आहे. शिस्तीसाठी ते आवश्यक आहे, आणि पलटणीत युनियन काढा असे सांगण्यास आम्ही येथे आलो नाही. पण त्याचा परिणाम काय होतो, तो पाहा. कामगाराचे बोट तुटले तर दुसऱ्या दिवशी संघटनेचा माणूस अपघाताची नोंदवही तपासायला जातो. सैनिकाचा कागद कोण तपासणार? तो एकटा असतो. आणि समोर खाते असते.

सैनिकासाठी नियम काय आहे? लष्करी निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे वाढलेले अपंगत्व असेल, आणि ते शेकडा २० वा अधिक ठरले असेल, तर अपंगत्वाचे वेतन मिळते. नियमात लढाई ही अट नाही, 'सेवा' हा शब्द आहे. हे आपण पक्के ध्यानात ठेवावे, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसेही 'लढाईत जखमी झाला नाही, मग पेन्शन कसली?' असे विचारताना आम्ही ऐकली आहेत.

लढाईचा संबंध येतो तो रकमेत. पाचव्या वेतन आयोगानंतर, २००१ च्या जानेवारीतील आदेशाने, प्रकरणांचे पाच वर्ग केले गेले. पहिला, सेवेशी संबंध नसलेली कारणे. कामावर नसताना झालेला अपघात त्यातच येतो. दुसरा, कठीण हवामान किंवा कामाच्या परिस्थितीमुळे जडलेले रोग. तिसरा, कर्तव्यावरील अपघात. सरकारी गाडीचा प्रवास, विजेचा धक्का, प्रशिक्षण, पलटणीने भरविलेले खेळ हे त्यात आले. चौथा, अतिरेकी किंवा समाजकंटकांचा हल्ला व तत्सम प्रसंग. पाचवा, शत्रूशी प्रत्यक्ष लढाई व घोषित मोहिमा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाला अपंगत्वाचा हिस्सा मिळतो. पाचव्याला, आणि चौथ्यातील काहींना, युद्धजखमेचा हिस्सा मिळतो.

हिशेब सोपा करून सांगतो. समजा, एका जवानाचा अखेरचा हिशेबी पगार ४०,००० रुपये होता, आणि अपंगत्व शेकडा १०० ठरून त्याला बाहेर पडावे लागले. युद्धजखम असेल तर तिचा हिस्सा पगाराच्या शेकडा १००, म्हणजे ४०,००० रुपये. ट्रक उलटून तीच इजा झाली असेल, तर हिस्सा शेकडा ३०, म्हणजे १२,००० रुपये. सेवेचा हिस्सा आणि महागाई यांशिवाय. अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात रक्कम कमी. मात्र पन्नासच्या खालचे पन्नास धरावे, पन्नास ते पंचाहत्तरला पंचाहत्तर, आणि त्यावरचे शंभर, असा नियम आहे. कारण सरळ आहे. वैद्यकीय मंडळाला माणसाचा पाय शेकडा ३२ गेला की ३८, हे मोजता येत नाही. ही सवलत प्रथम फक्त नोकरीतून काढावे लागलेल्यांना होती. मुदत पुरी करून सुटलेल्या अपंग सैनिकालाही ती द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरात ठरविले.

आता, ४०,००० आणि १२,००० या फरकाला आमचा विरोध आहे काय? नाही. राष्ट्राने ज्याला गोळीपुढे उभे केले त्याला अधिक द्यावे, यात न्याय आहे आणि कृतज्ञताही आहे. परंतु कृतज्ञता निराळी आणि भरपाई निराळी. कृतज्ञता कमीजास्त असू शकते. भरपाई म्हणजे गेलेल्या अवयवाची, बुडालेल्या मिळकतीची भरणा. पाय ट्रकखाली गेला म्हणून जिन्याच्या पायऱ्या कमी होत नाहीत. मुलांच्या शाळेची फी तीच असते. म्हणून वरचा मान कितीही उंच ठेवा. पण खालचा पाया सर्वांना मिळाला पाहिजे, आणि भांडावे न लागता मिळाला पाहिजे.

खरी लढाई आहे ती पहिला वर्ग आणि दुसरा-तिसरा वर्ग यांमधील रेषेवर. 'सेवेशी संबंध नाही' हे वाक्य याच रेषेवर लिहिले जाते. त्या एका वाक्याने माणूस भरपाईतून बाहेर पडतो. सेवा दहा वर्षांच्या आत असेल तर त्याला पूर्वी मासिक वेतनही मिळत नसे, एकरकमी उपदान देऊन निरोप दिला जाई. २०२० साली सरकारने यात थोडी सुधारणा केली; लष्करी सेवेला अयोग्य ठरलेला माणूस नागरी नोकरीलाही अयोग्य असेल, तर दहा वर्षांच्या आतही वेतन द्यावे असे ठरले.

हे वाक्य किती सहज लिहिले जात असे, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या जुलैतील निकालात आहे. सिग्नल विभागातील एक जवान १९८५ साली भरती झाला. सुमारे नऊ वर्षांनी त्याला फेफऱ्याच्या विकारामुळे काढले. मंडळाने लिहिले, हा विकार प्रकृतीतच आहे, सेवेशी संबंध नाही. न्यायालयाने १९८२ चे नियम उघडून दाखविले. भरतीच्या वेळी माणूस निरोगी होता असे गृहीत धरावे, जर त्या वेळी रोगाची नोंद केलेली नसेल तर. सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नाही. शंकेचा फायदा त्याला द्यावा. आणि रोग आधीचाच होता असे मंडळाला वाटत असेल, तर भरतीच्या तपासणीत तो का कळू शकला नाही, याची कारणे मंडळाने लिहावीत. श्रोतेहो, यात नवे काही नव्हते. नियम १९८२ पासून छापलेले होते. एकतीस वर्षांनी ते वाचून दाखवावे लागले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. एक जवान १९८५ साली भरती झाला, सियाचीनच्या हिमनदीवर त्याची नेमणूक झाली, तिथे त्याला झटके येऊ लागले आणि १९८९ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला तो २०२५ च्या एप्रिलमध्ये. छत्तीस वर्षे. भरतीच्या वेळचा पोरगा निकालाच्या वेळी आजोबांच्या वयाचा झालेला. जिंकणाऱ्याला इतकी वर्षे लागली. ज्यांनी पहिल्याच कागदानंतर हात जोडून घर गाठले, त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना आपणच करावी.

सैनिकांना दाद मागण्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ पासून काम करीत आहे. त्याचे एक पीठ मुंबईला आहे. पण तिथे सैनिक जिंकला की खाते वर अपील करते, असा अनुभव वारंवार येऊ लागला. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी २०१५ साली एक तज्ज्ञ समिती नेमली ती याचसाठी. आपल्याच माणसांविरुद्धचे खटले कमी कसे करावेत, हे तिला विचारले होते. खात्याने स्वतःच्या अपंग सैनिकाला कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लावू नये, हे समजण्यास समितीची गरज पडावी, यातच रोगाचे निदान आहे.

आता कठीण प्रश्नाकडे वळतो, कारण सोप्याच प्रश्नांवर टाळ्या घेणे हे व्याख्यात्याचे काम नव्हे. रजेवरच्या अपघाताचे काय? एक सैनिक रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना पडला, त्याचा हात गेला. नियम म्हणे की, प्रवास सरकारी खर्चाने असेल तरच भरपाई. याने तिकीट स्वतःच्या पैशाने काढलेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले, प्रवास परवानगीने होता ना, मग तिकिटाचे पैसे कोणी दिले यावर हात ठरत नाही. परंतु गावी पोहोचल्यावर, वार्षिक रजेत, स्वतःच्या कामासाठी निघाला असता झालेल्या अपघातात मात्र त्याच न्यायालयाने २०११ आणि २०१९ मध्ये भरपाई नाकारली. सेवेशी काही दुवा असला पाहिजे, नुसता गणवेशाचा मालक असणे पुरेसे नाही, असे न्यायालय म्हणाले.

माजी सैनिकांच्या सभांत याबद्दल राग ऐकू येतो. सैनिक चोवीस तास कर्तव्यावर असतो, मग रजा कसली, असे ते विचारतात. आम्हांस त्यांच्या भावनेचा आदर आहे. पण न्यायालयाची रेषा आम्हांस अन्यायाची वाटत नाही. कामगारालाही आम्ही हेच सांगतो. सुट्टीच्या दिवशी भाच्याच्या लग्नाला जाताना मोटारसायकल घसरली, तर त्याचा दावा कारखान्यावर चालत नाही. दारूच्या नशेत इजा झाली तर भरपाईचा कायदाही, मृत्यू वा कायमचे पूर्ण अपंगत्व सोडल्यास, हात आखडतो. मात्र एक फरक आहे. कामगार रोज संध्याकाळी घरी जातो. सैनिकाचे घर बॅरॅकच असते. तो कुठे राहील, काय खाईल, केव्हा झोपेल, हे दुसरा ठरवितो. तेव्हा जितका वेळ तो खात्याच्या ताब्यात आहे, तितका वेळ संशय खात्यावर गेला पाहिजे, त्याच्यावर नव्हे. रेषा असावी, पण ती छावणीच्या फाटकाबाहेर असावी, आत नसावी.

अमेरिकेत ही रेषा पुष्कळ बाहेर आहे. तिथे प्रत्यक्ष सेवाकाळात झालेली इजा, मग ती रजेत का होईना, जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनाने वा नशेने झालेली नसेल, तर भरपाईला पात्र ठरते. लढाईची अट नाही. शून्यापासून शंभरपर्यंत दहा-दहाच्या पायऱ्यांनी अपंगत्व मोजतात. तिथेही या खर्चावर आणि काही फसव्या दाव्यांवर वाद चालू असतो. तो आपणही ऐकून ठेवावा, कारण तोच वाद येथेही आहे.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात दाखविले की, २०१५-१६ ते २०१९-२० या काळात निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांपैकी शेकडा ३६ ते ४० जणांना अपंगत्वाचा लाभ मिळाला. जवान व कनिष्ठ अधिकाऱ्यांत हे प्रमाण शेकडा १५ ते १८ होते. त्यांत रक्तदाब आणि मधुमेह यांचा वाटा मोठा. यावर काही लोक म्हणाले, हे खरे अपंग नव्हेत, राहणीमानाचे रोगी आहेत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नवे नियम आले, आणि अपंगत्व असूनही सेवेत राहिलेल्यांना मिळणाऱ्या रकमेला 'इम्पेअरमेंट रिलीफ' असे निराळे नाव देण्यात आले. रकमेत घट नाही असा खुलासा झाला, तरी माजी सैनिकांत अस्वस्थता पसरली. आज नाव बदलले, उद्या रक्कम बदलेल, अशी त्यांची शंका.

आमचे म्हणणे असे. कोणी खोटा दावा करीत असेल तर तो पकडावा. त्याने खऱ्या जखमीचीच भाकरी पळविली आहे. पण वरच्या आकड्यांत आम्हांस दुसरेच काही दिसते. खंदक खणणारा, ओझे वाहणारा, ट्रक चालविणारा जवान. आणि त्याच्यात प्रमाण अधिकाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी. यांतला काही भाग वयाने समजतो, कारण जवान तरुणपणीच निवृत्त होतो. पण काही भाग कागदाचा आहे, असे आम्ही अनुभवावरून म्हणतो. ज्याला नियम वाचता येतो, त्याचा कागद पुरा होतो. ज्याला 'इथे सही कर' म्हणून सांगितले जाते, तो सही करतो. सातव्या वेतन आयोगाने अपंगत्वासाठी ठरावीक रक्कम सुचविली होती : पूर्ण अपंगत्वाला अधिकाऱ्यास २७,०००, कनिष्ठ अधिकाऱ्यास १७,००० आणि जवानास १२,०००. एकच इजा, तीन भाव. ती योजना मागे पडली, मे २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने टक्केवारीच कायम केली; पण टक्केवारीतही पगार मोठा त्याची रक्कम मोठी, हे आहेच. पायाची किंमत पदाप्रमाणे का बदलावी, हा प्रश्न आम्ही कारखान्यातही विचारतो आणि येथेही विचारतो.

दोन गट असे आहेत की ज्यांच्याकडे आपण अधिक लक्ष दिले पाहिजे. पहिला, प्रशिक्षणार्थी छात्र. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत अठरा-एकोणीस वर्षांची मुले कठोर शिक्षण घेतात. त्यांतला एखादा सरावात पडून कायमचा अपंग झाला, तर तो अजून अधिकारी झालेला नसतो, म्हणून माजी सैनिकही ठरत नाही. अनुग्रह म्हणून काही रक्कम मिळते. हक्क म्हणून निवृत्तिवेतन नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या मुलांची दखल घेतली, आणि त्याच महिन्यात माजी सैनिकांची वैद्यकीय योजना त्यांना लागू झाली. औषध मिळाले, उपजीविकेचा प्रश्न मोठाच आहे.

दुसरा गट, २०२२ पासून भरती होणारे अग्निवीर. चार वर्षांचा करार, निवृत्तिवेतन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर एकरकमी मदत मिळते : शेकडा १०० ला ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख, आणि उरलेल्या मुदतीचा पगार. आकडे ऐकताना मोठे वाटतात. परंतु बावीस वर्षांच्या मुलाला अजून पन्नास वर्षे जगावयाचे आहे. महागाईबरोबर वाढणारे मासिक वेतन आणि एकदाच हाती येणारी रक्कम, यांत काय फरक असतो, हे गिरण्या बंद पडल्यावर देणी हातात घेऊन गावी गेलेल्या कुटुंबांना विचारावे.

मग करावयाचे काय? आमच्या चार सूचना आहेत. पहिली, इजा झाली त्याच आठवड्यात तिची नोंद व्हावी आणि तिची नक्कल सैनिकाच्या हाती द्यावी. दुसरी, 'संबंध नाही' असे लिहिणाऱ्या मंडळाने कारण लिहावे; कारण नसलेले वाक्य रद्द समजावे. तिसरी, सर्वोच्च न्यायालयाने जो प्रश्न एकदा मिटविला आहे, त्यावर खात्याने पुन्हा अपील करू नये. चौथी, छात्र आणि अग्निवीर यांना अपंगत्वापुरते तरी नियमित सैनिकाच्या ओळीत बसवावे. यांपैकी एकाही गोष्टीने शिस्त ढिली होत नाही. उलट, आपले शरीर गेले तर मागे कोणी आहे, हे ज्याला ठाऊक असते, तोच ट्रकचे चाक निर्धास्तपणे हातात धरतो.

आणि एक काम सरकारचे नसून आपले आहे. आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीच्या फाटकावर, असा माणूस असेल तर त्याला विचारा की त्याचे वैद्यकीय कागद कुठे आहेत. ते वाळवी लागलेल्या पेटीत असतील तर बाहेर काढावयास सांगा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्याबरोबर जा. अर्ज लिहून द्या. ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्या बाजूला बसणे, एवढ्यावरच आमची कामगार चळवळ उभी राहिली. पलटणीत युनियन नको, हे आम्ही मान्य केले आहे. पण पलटणीतून बाहेर पडलेल्या माणसाला शेजारी नको, असे कोणत्याही कायद्याने म्हटलेले नाही.

गोळी लागलेल्यांची स्मारके आपण बांधली आणि ती बांधलीच पाहिजेत. गोळी न लागलेल्या जखमींना स्मारक नको आहे. त्यांना त्या एका वाक्याच्या जागी दुसरे वाक्य हवे आहे : याने येथे काम केले, आणि याचे शरीर येथे झिजले. ते वाक्य खरे असेल तिथे लिहिले जावे, एवढीच आमची मागणी आहे.